अ‍ॅडिनोमायोसिस आहे, मिरेना बसवू की सरळ पिशवी काढून टाकू?

कोरांटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण डोकं भणभणलंय. वय ४१, दोन मुलं, आणखी नकोय. पाळीचा त्रास आठ-नऊ वर्षांचा आहे पण गेल्या दीड वर्षात हद्द झालीये, आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, त्यातले तीन दिवस तासा-दीड तासाला पॅड, रात्री दोन पॅड एकापुढे एक लावून खाली जुना टॉवेल टाकून झोपायचं, आणि गाठी एवढ्या मोठ्या पडतात की पहिल्यांदा बघून मी बाथरूममध्येच मटकन बसले होते. दुखणं पाळीच्या चार दिवस आधीच सुरू, ओटीपोटातून कंबरेत आणि कंबरेतून मांड्यांत. हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ६. एक जिना चढला की कानात ठोके ऐकू येतात.

इतकी वर्षं ज्याला त्याला विचारलं तो म्हणे काहींना होतं असं. कळा आल्या की मेफेनॅमिक, रक्त वाढलं की ट्रानेक्झामिक, एवढंच चाललं होतं. आता नव्या डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी करायला लावली तर बल्की युटेरस, म्हणजे पिशवी मोठी झालीये, ११ × ७ × ६.५ सेंमी, मागची भिंत पुढच्यापेक्षा जाड, भिंतीत बारीक बारीक सिस्ट, आणि शेवटी अ‍ॅडिनोमायोसिस असा शब्द. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली मांसाची गाठ, नाहीये. डॉक्टर म्हणाल्या पिशवीला सूज आहे, मिरेना बसवू, म्हणजे पिशवीच्या आत तांबीसारखंच एक छोटं साधन, आणि सहा महिने बघू.

आता मला कळत नाहीये ते असं की माझ्या जाऊबाईंनी तांबी बसवली होती तर त्यांचं अंगावरून जाणं इतकं वाढलं की वर्षभरात काढून टाकावी लागली, मग रक्त थांबवायला तांबी कशी काय?? आणि डॉक्टर म्हणतात कदाचित पाळी पूर्णच थांबेल, मग ते रक्त जाणार कुठे, आत साचलं तर? बहीण म्हणते कशाला हा खेळ, मुलं झालीत, पिशवी काढ आणि मोकळी हो. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, म्हणजे तोही घाबरलाय. बसवताना किती दुखतं, वजन वाढतं का, आणि एवढं करून शेवटी ऑपरेशनच करावं लागलं तर काय, कोणी बसवली असेल तर खरं खरं सांगा प्लीज.

ओलीवाट

अगं कोरांटी, तुझं वाचून मला माझेच दिवस आठवले, टॉवेलसकट. मी ४३, मिरेना बसवून तीन वर्षं होत आली, निदान हेच. माझं हिमोग्लोबिन ७.९ होतं, दोन वेळा शिरेतून आयर्न दिलं होतं.

खरं खरं सांग म्हणालीस म्हणून आधी वाईट सांगते. बसवून झाल्यावर साडेचार महिने मला डाग लागत होते. रोज. चॉकलेटी, कधी गुलाबी, कधी दोन दिवस काही नाही की वाटायचं संपलं आणि तिसऱ्या दिवशी परत. जास्त नसतं गं ते, एका पातळ पॅडमध्ये भागतं, पण आधी आठ दिवस पाळी आणि बावीस दिवस मोकळे असे तरी होते, आता तीसही दिवस पॅड. तिसऱ्या महिन्यात मी काढायला म्हणून गेले होते, डॉक्टर म्हणाल्या अजून आठ आठवडे दे मला, नाही थांबलं तर मी स्वतः काढते. तेव्हा मनातून इतकी चिडले होते त्यांच्यावर! पण सहाव्या महिन्यापासून दोन दिवस थोडंसं आणि मग बंद, आणि आता गेलं दीड वर्ष तर दोन-तीन महिन्यांनी एखादा डाग. वर्षभरात हिमोग्लोबिन १२.१ झालं, अर्थात आयर्नच्या गोळ्या चालू होत्याच, नुसत्या मिरेनाने रक्त भरत नाही, ती फक्त गळती थांबवते.

दुखणं पूर्ण गेलं असं नाही म्हणणार. महिन्यातून एखादा दिवस जडपणा असतो, एखादी गोळी लागते. पण आधी मी जमिनीवर पाय पोटाशी घेऊन पडायचे, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

बसवताना आकडा लावून खेचल्यासारखं होतं मग एक जोरदार कळ, अगदी पोटातून डोक्यापर्यंत गेली, आणि मिनिटाभरात संपलं. घाम आला होता. माझ्या दोन्ही डिलिव्हरी सिझेरियन होत्या, नॉर्मलवाल्यांना बहुतेक सोपं जातं. घाबरट असशील तर आधीच सांग, तिथे भुलीचं इंजेक्शन देऊनही करतात. जबड्यावर पिंपल्स आले पहिलं वर्षभर, चाळिशीत पिंपल्स, मुलगी हसायची. वजन दीड किलो वाढलं पण त्याचा दोष मी मिरेनाला देणार नाही 😄

चष्मिष्ट

मी स्त्रीरोग विभागात काम करते. तुमचे रिपोर्ट बघितलेले नाहीत त्यामुळे हा सल्ला समजू नका, पण दोन-तीन गैरसमज कायम ऐकते ते आधी मोडते.

तांबी आणि मिरेना दिसायला सारख्या, इंग्रजी टीच्या आकाराच्या, पण काम अगदी उलट. तांबीत तांब्याची तार असते, तिच्याने आतलं अस्तर चिडतं, म्हणून रक्त आणि कळा वाढू शकतात, तुमच्या जाऊबाईंचं तेच झालं असणार. अ‍ॅडिनोमायोसिस असलेल्या बाईला तांबी बसवू नये असंच आम्ही सांगतो. मिरेनात तांबं नसतंच. तिच्या दांड्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम झिरपतं, पाच वर्षांनी निम्म्यावर येतं. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत याच हार्मोनचे रोज १५० मायक्रोग्रॅम पोटात जातात, त्यावरून अंदाज घ्या. रक्तात थोडं जातंच, म्हणून पिंपल्स, छाती दुखणं, डोकेदुखी, मूड खाली जाणं हे काहींना होतं, ते खोटं नाही. पण मुख्य काम जागच्या जागी.

आता रक्त साचण्याबद्दल. पाळीचं रक्त म्हणजे महिनाभर वाढलेलं अस्तर गळून पडणं. मिरेनाने ते अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं. माळ्यावर सामान चढवलंच नाही तर खाली काय उतरवणार? बीजकोष मात्र बहुतेकींचे चालूच राहतात, त्यामुळे पाळी थांबली म्हणजे मेनोपॉज आला असं नाही. आणि पाळी सगळ्यांची थांबतही नाही, वर्षाच्या शेवटी साधारण पाचांतल्या एकीची थांबते, बाकीच्यांची कमी होते.

अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये नेमकं काय होतं तर आतल्या अस्तरासारखा टिश्यू पिशवीच्या भिंतीच्या स्नायूत शिरतो. दर महिन्याला तोही फुगतो, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. भिंत जाड होते, स्नायूला नीट आकुंचन पावता येत नाही, म्हणून रक्त पण जास्त आणि कळा पण. हार्मोन अगदी त्या भिंतीला लागूनच सुटत असल्यामुळे आतल्या टिश्यूलाही थोडं दबवतं, प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे कळा आणणारी द्रव्यं, कमी होतात, म्हणून दुखणं उतरतं. पण रोग मुळासकट जात नाही. मिरेना काढली की हळूहळू परत डोकं वर काढू शकतो, आणि काहींना तीन-चार वर्षांनी, ती आत असतानाच, दुखणं थोडं परत येतं.

तुम्हाला आठ वर्षं कोणी नाव सांगितलं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. पूर्वी हे निदान पिशवी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच व्हायचं, म्हणजे त्रास संपल्यावर नाव कळायचं. आतून केलेली चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय यामुळे आता आधी कळतं, पण सोनोग्राफी करणाऱ्याची नजर तयार लागते.

बसवण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. अस्तराची बायोप्सी हवी का? पंचेचाळिशीनंतर किंवा वजन जास्त, पीसीओडी, मध्येच रक्तस्राव असं काही असेल तर अस्तरात दुसरं काही नाही ना हे बघूनच पुढे जायचं, उगाच कॅन्सरच्या भीतीने नाही, पण कारण न शोधता रक्त थांबवणं म्हणजे धुराची घंटा बंद करण्यासारखं. दुसरं, पिशवीच्या आतल्या पोकळीचा आकार ठीक आहे का. ११ सेंमी म्हणजे नेहमीच्या सात-आठ सेंमीपेक्षा मोठी, पण अगदी अवाढव्य नाही. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर मात्र मिरेना नाही.

आणि हो, मिरेनाच्या छोट्या बहिणी मिळतात, १९.५ आणि १३.५ मिलिग्रॅमच्या. त्या गर्भनिरोधनासाठी आहेत. तुमच्या कामाची ५२ वालीच. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची २०१८ ची गाइडलाइन आहे, त्यात अ‍ॅडिनोमायोसिसच्या जास्त रक्तस्रावासाठी पहिला पर्याय म्हणून हीच दिलीये, त्यामुळे तुमच्या डॉक्टर काही प्रयोग करत नाहीयेत.

धुकेरी

सगळं छान छान चाललंय तर मी जरा वेगळं सांगते. माझी पडली. हो, मिरेना पडते. बसवून सातवा आठवडा, जोराची पाळी आली, गाठी पडल्या, आणि नंतर मिरेनाला खाली असतो तो दोरा हाताला नेहमीपेक्षा लांब लागायला लागला, मी आपलं म्हटलं सुटला असेल थोडा, सोनोग्राफीत बघितलं तर मॅडम पिशवीच्या तोंडाशी येऊन बसलेल्या. काढूनच टाकावी लागली. इतकी रडले मी त्या दिवशी, कारण नुकतंच स्पॉटिंग कमी होत आलं होतं.

मला आधी कोणी सांगितलं नव्हतं की एरवी वीसात एखादीची पडते पण पिशवी मोठी असली, रक्त खूप जात असलं की हे प्रमाण वाढतं. माझी पिशवी १४ आठवड्यांच्या पोटाएवढी होती. दुसऱ्या डॉक्टरांनी मग आधी तीन महिने दर महिन्याला एक ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन दिलं, त्याने शरीराला खोटा मेनोपॉज येतो, पाळी बंद, पिशवी आक्रसते. त्या तीन महिन्यांत मी पंख्याखाली बसून घामाने भिजायचे, झोप नाही, हाडं दुखायची, चिडचिड इतकी की मुलगा म्हणाला आई तू गप्प बसून पण ओरडतेस. सहा महिन्यांपेक्षा जास्त ते इंजेक्शन नुसतं देत नाहीत म्हणे, हाडं ठिसूळ होतात. पण पिशवी उतरली, मग मिरेना बसवली, आणि ही दुसरी आता सव्वादोन वर्षं जागेवर आहे. पाळी म्हणजे एक दिवसाचा डाग.

त्यामुळे कोरांटी, पहिले दोन-तीन महिने जोराचं रक्त गेलं की दोरा बघत जा, हात स्वच्छ धुऊन, बोट आत घालून टोक लागतंय का एवढंच, ओढायचं नाही. दोरा लागला नाही, एकदम लांब लागला, किंवा कडक प्लॅस्टिक लागलं तर वाट बघत बसू नकोस. आणि सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून घेच.

टाकसाळ

मी पिशवीवाली. म्हणजे नसलेली 😀 तुझी बहीण अगदीच चूक बोलत नाहीये म्हणून लिहितेय. माझं ४६ ला दुर्बिणीने झालं, बीजकोष ठेवले. त्याआधी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी रोज २ मिलिग्रॅम दहा महिने घेतली, दुखणं थांबलं पण मूड इतका खाली गेला की मला मीच ओळखू येईना, गोळी बंद केली, मग मिरेना पण नको म्हटलं कारण हार्मोनचीच धास्ती बसली होती. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, पहिले दहा दिवस वाईट, आणि त्यानंतर मी पांढरी पँट घेतली. चौदा वर्षांनी. एवढंच सांगते.

मिरेना बसवून शेवटी काढतातच असं किती जणी बघितल्यात मी, मग दोनदा त्रास कशाला असं मला वाटलं. ज्याची त्याची गोष्ट.

चष्मिष्ट

टाकसाळ, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला आकडाही आहे. फिनलंडमध्ये खूप रक्तस्राव होणाऱ्या २३६ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं, एका गटाला हार्मोनवाली, एका गटाची पिशवी काढायची. पाच वर्षांचे निकाल २००४ ला आले. मिरेना गटातल्या ४२ टक्के बायकांची शेवटी पिशवी काढावी लागली होती. हे वाचून तुम्ही म्हणाल बघा! पण उरलेल्या ५८ टक्के ऑपरेशनशिवाय राहिल्या, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांचं समाधान, तब्येत यात फरक नव्हता. त्या सगळ्या अ‍ॅडिनोमायोसिसच्या नव्हत्या एवढं लक्षात ठेवा. ओपीडीत बसून एक गोष्ट मात्र मी सांगू शकते, तुम्हाला दिसतात त्या बिघडलेल्या केसेस, जिची बरी चाललीये ती कोणाला सांगायला जात नाही.

आणि तुम्ही ४६ ला काढली, कोरांटी ४१ च्या आहेत. बीजकोष ठेवले तरी पिशवी काढल्यावर मेनोपॉज थोडा लवकर येऊ शकतो, म्हणून वय लहान असेल तर आम्ही जरा हात आखडतो. उलट मेनोपॉज आला की अ‍ॅडिनोमायोसिस आपोआप शांत होतो, त्यामुळे ४६-४७ ची बाई असेल तर एक मिरेना तिला पलीकडच्या काठाला सोडू शकते. ४१ ला दोन लागतील कदाचित. गर्भनिरोधनासाठी ती आठ वर्षं चालते पण जास्त रक्तस्रावासाठी बसवली असेल तर पाच वर्षांनी बदलायची.

दुपारचा_चहा

मी पुरुष आहे, विचारू का नको करत विचारतोय. बायकोचं वय ३३, हेच निदान, आम्हाला मूल हवंय. तिलाही हे बसवता येईल का? कळा आल्या की तिची अवस्था बघवत नाही.

चष्मिष्ट

जरूर विचारा, बायकोबरोबर ओपीडीत आलेले नवरे नुसते मोबाइल बघत बसतात, त्यापेक्षा हे बरं. मिरेना आत असेपर्यंत गर्भ राहत नाही, ती गर्भनिरोधकच आहे. सध्याच प्रयत्न करायचे असतील तर तिचा उपयोग नाही. दोन-तीन वर्षांनी हवं असेल तर तोपर्यंत त्रास दाबून ठेवायला चालते, काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, महिनोन्महिने थांबावं लागत नाही. पण अ‍ॅडिनोमायोसिस स्वतःच गर्भ राहण्यात आडवा येऊ शकतो, म्हणून वंध्यत्वाचं काम बघणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. पिशवी काढण्याचं कोणी बोललं तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

ओलीवाट

टाकसाळच्या पांढऱ्या पँटला माझा कडक सलाम. मी अजून घेतली नाहीये, हिंमत होत नाही.

कोरांटी, एक राहिलं. बसवायच्या दिवशी सोबत कोणाला तरी ने आणि तासभर आधी दुखण्याची गोळी घे, डॉक्टरांना विचारून. आणि पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवतात, गर्भ नाही याची खात्री असते म्हणून, तेव्हा तारीख ठरवताना ते बघ.

कोरांटी

सगळ्यांचे किती आभार मानू. तुमचे प्रतिसाद कागदावर उतरवून डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्या हसल्या पण एकेक उत्तर दिलं. पोकळीचा आकार ठीक आहे म्हणाल्या. बायोप्सी माझ्या वयाला सक्तीची नाही पण मध्ये दोनदा पाळी सोडून डाग लागले होते ते मी आधी सांगायचंच विसरले होते, म्हणून करून घेतली, रिपोर्ट साफ आला. धुकेरी, तुझं ऐकून मी स्वतःच विचारलं की इंजेक्शन आधी द्यायचं का, तर म्हणाल्या तुमची पिशवी तेवढी मोठी नाही, आधी अशीच बसवू, पडली तर तो मार्ग आहेच. बहिणीला सांगितलं की पिशवी काढायचं पुढेही करता येईल, काढलेली परत बसवता येणार नाही, तर ती म्हणाली बरं बाई, मला काय.

कोरांटी

मीच परत. बसवून आज ३८ वा दिवस. बसवताना ओलीवाट म्हणाली तशीच कळ आली, मी नर्सचा हात इतका दाबला की नंतर सॉरी म्हणावं लागलं. दोन दिवस पोट दुखलं. पहिली पाळी आली ती सहा दिवस, गाठी होत्या पण लहान, रात्री टॉवेल घातला होता, सकाळी तो कोरडाच. आणि तेव्हापासून डाग डाग डाग. चॉकलेटी. मी तयार होते असं वाटलं होतं पण तयार नसतंच कोणी, काल ऑफिसच्या बाथरूममध्ये अक्षरशः रडू आलं. दोरा जागेवर आहे, परवा सोनोग्राफी आहे.

ओलीवाट

३८ म्हणजे तू अजून माझ्या चिडण्याच्या दिवसापर्यंत पण पोहोचली नाहीस 😄 मी कॅलेंडरवर रोज रंग करायचे, भरपूर असेल तर लाल, डाग असेल तर पिवळा, काही नाही तर कोरं. रोज बघून काहीच बदललं नाही असंच वाटायचं, पण चौथ्या महिन्याचं पान पहिल्याशेजारी ठेवलं तेव्हा कळलं की लाल संपलाय. कर तसं. आणि आयर्न बंद करू नकोस.

धुकेरी

परवाची सोनोग्राफी झाली की इथे लिही गं, मी वाट बघतेय. माझाच जीव धडधडतोय उगाच.

कोरांटी

झाली. जागेवर आहे, अगदी वरच्या टोकाला बसलीये म्हणे. आज पिवळा.